जाताना ठरलेली वाट, येताना आडवाट : सांगली-मिरज ये-जा करणाऱ्या नवीन मंडळींसाठी

बदली होऊन आलेले, वालचंदला नाहीतर विलिंग्डनला ॲडमिशन घेतलेले, मिरजेच्या दवाखान्यांत नोकरीला लागलेले, अशा सगळ्यांची पहिली ओळख होते ती सांगली-मिरज रस्त्याशी. दहा-एक किलोमीटरचा रस्ता. सकाळी एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडं, संध्याकाळी उलट. दोन-तीन वर्षं अशी ये-जा करून माणसं दुसऱ्या गावी निघून जातात तेव्हा त्यांना थांबे तोंडपाठ असतात. पण हळदीचा सौदा त्यांनी पाहिलेला नसतो, आणि सतारी जिथं बनतात ती गल्ली आपल्या थांब्यापासून चालत जाण्याइतकी जवळ होती हेही कुणी सांगितलेलं नसतं. मला याचं फार वाईट वाटतं. मी स्वतः रोज सांगलीहून मिरजेला जाते आणि या दोन गावांनी मला जे दिलंय ते बहुतेक सगळं परतीच्या वाटेवर दिलंय. नव्यानं येणाऱ्याला ते पहिल्या महिन्यापासूनच मिळावं, म्हणून हे लिहिते आहे.

मूळ नियम एकच आहे. सकाळच्या जाण्यात काही बदल करायचा नाही. तीच बस, तोच थांबा, तीच वेळ. आडवाट धरायची ती येताना. सकाळी घड्याळ मागं लागलेलं असतं, त्या घाईत गल्लीबोळ बघायला गेलं की फक्त चिडचिड पदरी पडते. संध्याकाळी अर्धा तास इकडं-तिकडं झाला तर कुणाचं काही अडत नाही.

पहिलं काम : मुख्य रस्ता पाठ करा

पहिले पंधरा दिवस आडवाटेचं नावसुद्धा काढू नका. आधी मुख्य रस्ता अंगवळणी पडू द्या. स्टँडवरून निघालात की पुष्पराज चौक, मार्केट यार्ड, विश्रामबाग, विलिंग्डन, मग विजयनगर-वानलेसवाडीचा पट्टा, पुढं मिशन हॉस्पिटल आणि मिरज. सांगली, मिरज आणि कुपवाड यांची मिळून १९९८ पासून एकच महापालिका आहे, पण माणसं अजून "मी मिरजेचा" आणि "मी सांगलीचा" असंच सांगतात. तुम्हीही तसंच धरून चाला. दोन्ही गावांचा बाज वेगळा आहे आणि त्यातच मजा आहे.

शहरी बस एसटीच चालवते. तिच्या जोडीला वडाप, म्हणजे माणशी पैसे घेऊन प्रवासी भरत जाणाऱ्या रिक्षा. रिक्षावाला "मिरज, मिरज, मिरज" ओरडत असतो, तुम्ही हात केला की थांबतो. बसायच्या आधी आपला थांबा सांगायचा आणि पैसे किती ते विचारायचं, सुटे जवळ ठेवायचे. बसमध्ये कंडक्टरला "मास्तर, विलिंग्डनला सांगा हं" एवढं म्हणून ठेवलं की तो आठवणीनं हाक मारतो.

एक गोष्ट पहिल्याच दिवशी लक्षात ठेवा. सांगलीतल्या स्टेशन चौकात आता रेल्वे स्टेशन नाही. जुन्या छोट्या गाडीच्या काळातलं ते नाव, ते तसंच राहिलंय. आत्ताचं स्टेशन माधवनगर रस्त्याच्या बाजूला आहे. पहाटेची गाडी असेल तर रिक्षावाल्याला "रेल्वे स्टेशन" असं स्पष्ट सांगा. आणि लांबच्या बऱ्याच गाड्या मिरज जंक्शनवरून सुटतात किंवा तिथं जास्त वेळ थांबतात, त्यामुळं तिकिटावर सांगली आहे की मिरज ते निघायच्या आधी बघून घ्या.

दुसरं काम : एक थांबा आधी उतरा

रस्ता पाठ झाला की आठवड्यातला एक दिवस ठरवा. मी बुधवार धरते, कारण त्या दिवशी घरी कुणाची वाट बघायची नसते. त्या दिवशी परतताना नेहमीच्या थांब्याच्या एक थांबा आधी उतरायचं आणि उरलेलं अंतर चालत जायचं. मुख्य रस्त्यावरून मात्र नाही, त्याला समांतर आतल्या रस्त्यानं. एवढंच. पहिल्याच खेपेला दर्गा, घाट, हरिपूर असलं सगळं एका संध्याकाळी उरकायला जाऊ नका. विश्रामबागला उतरणाऱ्यानं विलिंग्डनपाशी उतरावं. कॉलेजची स्थापना १९१९ची, आवाराला जुनेपणाची सावली आहे, आणि तिथून आतल्या कॉलन्यांमधून चालत विश्रामबागला येताना बंगल्यांच्या बागा, पिठाच्या गिरण्या, ट्यूशनच्या पाट्या, घरगुती डबा देणाऱ्या बायकांचे दारावर लावलेले कागद असं सगळं दिसतं. नवीन माणसाला खोली शोधायची असो की डबा लावायचा असो, मोबाईलवर मिळत नाही ते इथं मिळतं.

वाट विचारायला लाजू नका. नकाशात गल्ली दिसते, पण ती भिंतीपाशी संपते की पलीकडं निघते ते कट्ट्यावर बसलेल्या माणसालाच माहीत असतं. वयस्कर माणसाला "मामा" म्हणा, बाईमाणसाला "मावशी" किंवा "ताई", आपल्या वयाच्याला "दादा". उत्तर येतं ते असं : "हितनं सरळ जावा, मारुतीच्या देवळापाशी उजवीकडं वळा, मग कुणालाबी इचारा." शेवटचं वाक्य उगाच नसतं. पुढच्या वळणावर खरंच कुणीतरी उभं असतं आणि तेही तेवढ्याच आपुलकीनं सांगतं.

मार्केट यार्ड, आणि ते कधी बघायचं

बसच्या खिडकीतून रोज दिसणारी आणि कुणी न उतरणारी जागा म्हणजे वसंतदादा मार्केट यार्ड. हळदीच्या हंगामात, म्हणजे साधारण जानेवारी-फेब्रुवारीपासून उन्हाळाभर, इथला वास रस्त्यापर्यंत येतो. ओल्या मातीचा, किंचित तिखट, घशात बसणारा वास. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याच्या आधी २०१६ मध्ये बेदाण्याला. पण हा बाजार त्याच्या किती तरी आधीपासून देशभर नावाजलेला आहे.

सौदे दिवसा होतात, त्यामुळं नोकरी करणाऱ्यानं एखादा रजेचा दिवस किंवा उशिराची ड्यूटी यासाठी राखून ठेवावी. आत शिरताना कडेनं चला. पाठीवर पोतं घेतलेल्या हमालाला थांबता येत नाही, वाट आपण द्यायची. अडत दुकानापुढं पोती फोडून हळकुंडांचे ढीग लावलेले असतात. खरेदीदार येतो, ढिगात मनगटापर्यंत हात घालतो आणि वरची नाही तर तळातली हळकुंडं काढतो. एक उचलून कटकन मोडतो. मोडलेली बाजू उजेडाकडं धरून गाभ्याचा रंग बघतो : गर्द केशरी आहे की फिका, मध्ये पोकळ आहे का, मोडताना आवाज कसा आला. या दोन-तीन क्षणांत शेतकऱ्याच्या वर्षभराच्या राबण्याचं मोल ठरतं. शेजारी तो शेतकरी उभा असतो, काही न बोलता त्या माणसाच्या बोटांकडं बघत. मी हे पहिल्यांदा पाहिलं त्यानंतर फोडणीत हळद टाकताना हात जरा जपून चालतो.

फोटो काढायचा असेल तर आधी विचारा. बहुतेक वेळा "काढा की" म्हणतात, कधी चहाही देतात. भाव पडलेला असेल त्या दिवशी मात्र कॅमेरा पिशवीत राहू द्या. घरच्यासाठी हळद-बेदाणे घ्यायचे असतील तर ते आतल्या घाऊक पेढीवर नाही, गणपती पेठेतल्या किरकोळ दुकानात घ्या.

जुनी सांगली आणि नदी

तुमचा मुक्काम विश्रामबागेकडं असेल तर जुन्या गावात पाऊल पडायचं कारणच नसतं. मुद्दाम जा. परतीला एखाद्या दिवशी विश्रामबागला न उतरता तसेच स्टँडपर्यंत या आणि तिथून चालत हरभट रोड, कापड पेठ, गणपती पेठ असे नदीकडं सरकत राहा. आधी कापड, मग भांडी, मग किराणा आणि मसाले, आणि शेवटी काळ्या दगडाचं गणपती मंदिर. पटवर्धन संस्थानिकांनी एकोणिसाव्या शतकात बांधलेलं हे मंदिर. भाद्रपदात इथं चतुर्थीच्या आधीच कसलाही गाजावाजा न करता चोर गणपती बसतो. ऑफिसात कुणी "चोर गणपती बसला" म्हणालं तर गोंधळू नका, उत्सव जवळ आला एवढाच त्याचा अर्थ.

वाटेत भडंग घ्या. चुरमुरे, शेंगदाणे, लसूण आणि मसाला. ज्या दुकानात लसणाचा वास दारापर्यंत येतो तिथलं घ्यावं असं माझं मत आहे. पाव किलो घेतलं तर घरी पोचेपर्यंत निम्मं उरतं, म्हणून अर्धा किलो घ्या.

या भागात नगरवाचनालय आहे. २०१९ च्या महापुरात तिथली हजारो पुस्तकं भिजून गेली. नवीन माणसानं सभासद व्हावं, त्याच्याइतकं सोपं गावात मिसळणं दुसरं नाही. आणि नोव्हेंबरात असाल तर ५ तारखेला गावात नाटकाचं वातावरण असतं. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली याच दिवशी सांगलीत मराठी नाटकाचा पहिला प्रयोग केला, म्हणून तो रंगभूमी दिन. त्या दिवशी इथं एका ज्येष्ठ रंगकर्मीला भावे गौरव पदक देतात.

आता नदी. आयर्विन पूल १९२९चा. पलीकडं सांगलीवाडी. संध्याकाळी पुलावरून चालत जाऊन परत यायला फार वेळ लागत नाही. खाली घाटावर पोहणारी पोरं असतात, पावसाळ्यात होड्यांच्या शर्यतींचा सराव चालतो. घाटावर उजेड असेतोवरच बसा. एकट्या बाईनं तर अंधार पडायच्या आत पेठेत परत यावं, हे मी माझ्या अनुभवावरून सांगते.

या पुलापाशी कृष्णेची पाणीपातळी फुटांत मोजतात. पावसाळ्यात सांगलीकर सकाळी भेटले की हवापाण्याच्या आधी "आयर्विनला किती?" असं विचारतात. हे आकडे तुम्हीही पाठ करा, कारण तुमची ये-जा त्यांच्यावर ठरणार आहे. ४० फूट ही इशारा पातळी, ४५ फूट धोका पातळी. २००५ मध्ये पाण्यानं ५० फूट ओलांडले, २०१९ च्या ऑगस्टमध्ये ते ५७ फुटांवर गेलं, २०२१ च्या जुलैत पुन्हा ५०च्या वर. २०१९ ला कापड पेठ, हरभट रोड, मारुती चौक, स्टँड, सगळं पाण्यात होतं.

पाणी चढायला लागलं की आधी सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर, कर्नाळ रस्ता हा भाग जातो. शामरावनगरात नदी लांब असली तरी नुसत्या पावसाचं पाणी साचून राहतं. खोली भाड्यानं घेताना हे लक्षात ठेवा. घरमालकाला सरळ विचारा, "२०१९ ला पाणी कुठपर्यंत आलं होतं?" इथं हा प्रश्न कुणाला खटकत नाही, भिंतीवरची खूण दाखवून सांगतात. कोयनेतून पाणी सोडल्याची बातमी आली म्हणून लगेच घाबरायचंही नाही. ते पाणी इथं पोचायला वेळ लागतो. तेवढ्यात कागदपत्रं वर ठेवायची, गाडी उंचावर न्यायची, आणि दोन-चार दिवस मिरजेच्या बाजूला कुणाकडं राहता येईल का ते बघायचं. आकडा ४०च्या जवळ आला की माझी आडवाट बंद, नदीकडं फिरकायचंच नाही.

हरिपूर : हे बुधवारचं काम नाही

हरिपूर सांगलीपासून तीन-चार किलोमीटर. कृष्णा आणि वारणा यांचा संगम तिथं आहे आणि काठावर संगमेश्वराचं मंदिर. श्रावणातल्या सोमवारी फार गर्दी असते. शांतपणे बघायचं असेल तर दुसरा कुठलाही महिना धरा. सायकल असेल तर उत्तमच. जुन्या झाडांच्या सावलीतला रस्ता, सुट्टीच्या सकाळी निघावं.

नाटककार गोविंद बल्लाळ देवल याच गावचे. आणि ज्या हळदीचा सौदा तुम्ही यार्डात बघितलात तिची गोष्ट इथं पुरी होते. हरिपूर आणि सांगलीवाडीच्या मातीत खोल पेवं खणून त्यांत हळद साठवायची पद्धत होती. तोंड अरुंद, आत पोट मोठं, वरून मातीनं लिंपून बंद. हळद वर्षानुवर्षं कीड न लागता राहायची. पेव उघडलं तरी लगेच कुणी आत उतरत नसे, कारण आतली कोंडलेली हवा जीव घेऊ शकते. तोंड उघडं ठेवून वाट बघायची, मग उतरायचं. २००५ च्या पुरानं बऱ्याच पेवांत पाणी शिरलं आणि हा व्यवहार मोडकळीला आला. गावातल्या जुन्या माणसाशी बोलणं झालं तर पेवाचा विषय काढून बघा. किती तरी वेळ सांगत बसतात.

मिरजेचं टोक

तुमची नोकरी मिरजेत असेल तर आडवाट तिथूनच सुरू करा. डॉक्टर विल्यम वानलेस यांनी १८९४ साली उभं केलेलं मिशन हॉस्पिटल आणि त्यांच्याच नावाची वानलेसवाडी, या दोहोंमुळं मिरज दवाखान्यांचं गाव झालं. कर्नाटकातून उपचाराला येणाऱ्यांची संख्या मोठी आहे. बसमध्ये कन्नड कानावर पडते. बरोबर पिशव्या, हातात फाईल, चेहऱ्यावर गोंधळ असं कुणी दिसलं तर थांबा सांगून मदत करा. आपल्याला हा रस्ता पाठ झालेला असतो, त्यांना नसतो.

रेल्वे स्टेशन नुसतं बघायलासुद्धा जावं. पुणे, कोल्हापूर, बेळगाव आणि पंढरपूर-कुर्डुवाडी अशा चार दिशांना इथून रूळ जातात. एके काळी इथं ब्रॉडगेज, मीटरगेज आणि नॅरोगेज अशा तिन्ही रुंदीचे रूळ होते. २०१६ च्या दुष्काळात लातूरला पाण्याची गाडी गेली ती इथूनच, कृष्णेचं पाणी भरून.

पण मिरजेत एकच जागा बघायची असेल तर सतारमेकर गल्ली. एकोणिसाव्या शतकात फरीदसाहेब सतारमेकर यांनी इथं तंतुवाद्यं बनवायला सुरुवात केली. ही मंडळी मूळची हत्यारं घडवणारी शिकलगार. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. दुकानं लहान, रस्त्याला लागून, आणि काम उंबऱ्याशी बसूनच चाललेलं. वर आढ्याला वाळलेले भोपळे टांगलेले. हे भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतात. खायचे नव्हेत, जाड सालीचे, मुद्दाम वाढवलेले. कापून बिया काढतात, त्यावर तबली, म्हणजे लाकडाची पातळ फळी, बसवतात, दांडी जोडतात, मग खुंट्या, मग नक्षी आणि पॉलिश.

मी थांबते ती जवारी, म्हणजे तारेचा गुंजणारा नाद, काढणाऱ्या कारागिरापाशी. तंबोऱ्याची घोडी म्हणजे तारा जिच्यावरून जातात ती पट्टी. तिचा वरचा पृष्ठभाग तो कानशीनं इतका हलका घासतो की घासलेलं दिसतही नाही. तार लावतो, छेडतो, मान तिरकी करून ऐकतो. तार परत सैल करतो, आणखी एक हात फिरवतो. मग तारेखाली दोऱ्याचा बारीक तुकडा सरकवतो, त्याला जीव म्हणतात. तो तुकडा केसभर पुढं-मागं करताना एका जागी आवाज एकदम उघडतो. इतका वेळ ठक्क बोलणारी तार गुणगुणायला लागते आणि तिच्यातून दुसरेही स्वर ऐकू येतात. ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा येतो. कारागीर मात्र काही बोलत नाही, पुढची तार हातात घेतो.

तिथं उभं राहायचं तर गप्प उभं राहायचं. तो कानानं काम करत असतो. मोबाईल सायलेंट करा, "वाजवून दाखवा ना" म्हणू नका. हातातलं काम खाली ठेवलं की मग विचारा. किमतीची चौकशी घ्यायचं मनात असेल तरच करा.

गल्लीपासून दर्गा लांब नाही. ख्वाजा शमना मीरासाहेबांच्या या दर्ग्यावर हिंदू-मुसलमान दोन्ही मंडळी येतात. किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेब १९३७ साली गेले, त्यांची कबर इथंच आहे. उरसात त्यांच्या स्मरणार्थ संगीत सभा भरते, आवारातल्या चिंचेच्या झाडाखाली, आणि देशभरातले गवय्ये इथं हजेरी लावायला येतात. तिकीट नाही, सतरंजीवर जागा मिळेल तिथं बसायचं. विष्णु दिगंबर पलुसकर गाणं शिकले तेही मिरजेतच, बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडं. उरसाची तारीख कळली की दुसऱ्या दिवशीची अर्धी रजा आधीच टाकून ठेवा, कारण मैफल रात्री उशिरापर्यंत चालते. परतायला बस मिळेलच असं नाही. सांगलीची दोघं-तिघं मिळून रिक्षा ठरवावी, आणि ती गाण्याला बसायच्या आधीच.

ज्या दिवशी रस्ता तुमचा नसतो

वर्षातले काही दिवस ठरलेला रस्ता बंद असतो. गणेशोत्सवाच्या पाचव्या दिवशी सांगली संस्थानच्या गणपतीचं विसर्जन, त्या दिवशी जुन्या गावात दुपारनंतर गाडी घालू नका. अनंत चतुर्दशीला मिरज. तिथं मिरवणुकीच्या वाटेवर मंडळांच्या भल्यामोठ्या स्वागत कमानी उभारतात आणि मिरवणूक गणेश तलावापर्यंत रात्रभर, कधी दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत चालते. कामावर जायचंच असेल तर सकाळी लवकर निघा, दुचाकी सांगलीतच ठेवा, बस जिथवर जाईल तिथं उतरून पुढं चालत जा. आणि ड्यूटी संपली की लगेच परत फिरू नका. कमानी रात्री दिव्यांत बघण्यासारख्या असतात, आणि गर्दी इतकी असते की तसंही नऊ-दहाच्या आधी मिरजेबाहेर पडता येत नाही. जेवणाचा डबा एक जास्तीचा घेऊन जा, हॉटेलांत उभं राहायला जागा नसते.